आकडे शंभर ग्रॅमचे, खाणं चमच्याचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत चिया बियांवर अर्धं पान छापून आलं, त्याबद्दल हे पत्र. मी रिसोडला मेडिकल स्टोअर चालवते. फार्मसी शिकून काउंटरमागे उभी राहिले ती अजून तिथेच आहे. माझ्या सासरी गावाकडच्या शेतात रब्बीला चिया पेरतात. म्हणजे हे बी मी शेतातही पाहते आणि पाकिटातून विकतेही. चियाच्या विरोधात बोलायचं मला काहीच कारण नाही. खप वाढला तर घरात दोन्ही बाजूंनी पैसा येतो. तरी लिहायला बसले, कारण तुमच्या लेखातले बहुतेक आकडे बरोबर आहेत आणि वाचणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य आहे.

सगळे आकडे शंभर ग्रॅमचे आहेत. शंभर ग्रॅम चिया म्हणजे किती, हे लिहिणाऱ्याने एकदा तराजूत टाकून पाहायला हवं होतं. मी पाहिलं. पोह्याचा सपाट चमचा भरून घेतला तर जेमतेम दहा ग्रॅम भरतं. म्हणजे शंभर ग्रॅमला असे दहा चमचे. आणि हे बी आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी पितं. तेव्हा भिजल्यावर लिटरभराच्या वर बुळबुळीत लगदा तयार होतो. तो एका दिवसात कोण खाणार आहे? घरोघर खातात तो एक चमचा, फार तर दीड. मग आकडे त्या चमच्याचे द्या ना.

कॅल्शियमचंच घ्या. ‘दुधाच्या पाचपट कॅल्शियम’ हे वाक्य तुम्ही ठळक टाइपात छापलंत. चुकीचं नाही. शंभर ग्रॅम चियात साधारण ६३० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, शंभर मिली गाईच्या दुधात १२० च्या आसपास. पण चमचाभर चियात ते होतं ६३ मिलीग्रॅम, आणि दोनशे मिली दूध प्यायलं तर २४०. म्हणजे कपभर दुधाच्या बरोबरीला यायचं तर जवळजवळ चार चमचे चिया खायला हवा. शिवाय बियांमध्ये फायटेट नावाचा घटक असतो, तो कॅल्शियम आणि लोह थोडं बांधून ठेवतो; म्हणजे त्या ६३ मधलंही सगळं अंगी लागत नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज हजार मिलीग्रॅमची. ज्या बाईने ते वाक्य वाचून दूध बंद केलं आणि चिया सुरू केला, तिच्या हाडांचं भलं झालं की वाईट? अशी बाई माझ्याकडे येऊन गेली म्हणून विचारते. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघे धरलेले, कॅल्शियमची गोळी नको म्हणून चियाचं पाकीट मागत होती. आणि शंभर ग्रॅमचाच खेळ खेळायचा तर आपला बिनपॉलिशचा तीळ हजाराच्या घरात जातो. तिळाच्या चटणीवर मात्र कोणी अर्धं पान छापत नाही.

लोहाचं तेच. चमचाभर चियात एक मिलीग्रॅमसुद्धा नाही, आणि ‘आयसीएमआर’ या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलीग्रॅम लागतं. रक्त कमी असलेल्या पोरींना ‘चिया खा, रक्त वाढेल’ असं कृपा करून सांगू नका. प्रथिनंही चमच्याला पावणेदोन ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात याच्या तिप्पट सापडतात. हे विषय इथेच संपले.

आता जिथे चिया खरोखर कामाचा आहे तिथे येते, कारण तीच गोष्ट तुमच्या लेखात एका ओळीत उरकली होती. ती म्हणजे तंतुमय पदार्थ, चोथा. शंभर ग्रॅमला ३४ ग्रॅम, म्हणजे एका चमच्याला जवळपास साडेतीन ग्रॅम. हा आकडा चमच्यावर आणल्यावरही टिकतो, हे महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातून मिळावेत असं म्हटलं आहे. त्यातला सातवा हिस्सा एका चमच्यात येतो. रोजच्या खाण्यातल्या फार थोड्या गोष्टी एवढ्याशा आकारात एवढा चोथा देतात.

आणि आमच्या भागाला त्याची गरज आहे, हे मी दुकानाच्या खपावरून सांगू शकते. इसबगोल, पोट साफ होण्याची सिरपं, रात्री घ्यायची चूर्णं: एक अख्खा कप्पा त्यांचाच आहे आणि तो कधी रिकामा राहत नाही. ज्वारीची भाकर घरातून कमी झाली, पांढरा भात आणि मैद्याचे टोस्ट वाढले. अंबाडीची भाजी म्हातारी माणसं गेली तशी ताटातून गेली. मग पोट साफ होणार कसं? अशा घरात चमचाभर भिजवलेला चिया दह्यात किंवा ताकात पडला तर फरक जाणवतो. लोक येऊन सांगतात. बीभोवती जो चिकट थर तयार होतो त्याने जेवण पोटातून सावकाश पुढे सरकतं, त्यामुळे साखरही रक्तात हळूहळू चढते. आतला न विरघळणारा चोथा मळाला आकार आणि मऊपणा देतो. यात चमत्कार काही नाही, पण रोज सकाळी अडून बसणाऱ्या माणसाला हे फार मोठं सुख असतं. (संपादक महोदय, या विषयावर कोणी पत्र लिहीत नाही, पण औषधविक्रेत्यापासून काय लपणार!)

मात्र पाणी कमी प्यायलं तर हाच चोथा उलटा पडतो. आणि पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतले तर पोट फुगतं, गुबारा धरतो. चहाच्या चमच्याने सुरुवात करावी, आठवडाभराने वाढवावं.

दुसरी खरी जमेची बाजू म्हणजे ओमेगा-३. चियाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल या प्रकारचं ओमेगा-३ भरपूर असतं. दहा ग्रॅम बियांत पावणेदोन ग्रॅमच्या वर. अमेरिकेत याची रोजची पुरेशी मात्रा बाईला १.१ आणि पुरुषाला १.६ ग्रॅम धरतात. म्हणजे इथेही चमचा पुरतो. आमच्याकडे माळकरी घरं पुष्कळ, जैन घरंही आहेत; त्यांच्या ताटात मासळी येणार नाही, अक्रोड परवडणार नाही, त्यांना हे बी चांगलं आहे. पण ‘सामन माशापेक्षा जास्त ओमेगा-३’ हे जे तुम्ही लिहिलंत, तिथे थांबायला हवं होतं. माशातलं ओमेगा-३ वेगळं, बियांतलं वेगळं. बियांतल्याचं माशातल्यात रूपांतर आपलं शरीर करतं, पण फार थोडं. दोन्हींची एका तराजूत तुलना करून चियाला जिंकवणं हा सामना ठरवून खेळल्याचा प्रकार झाला.

आणि चिया अख्खा गिळला की त्यातलं तेल पुरतं मिळतही नाही. दळून खाणाऱ्या बायकांच्या रक्तात हे आम्ल वाढलं आणि अख्खं खाणाऱ्यांच्या नाही, असं अमेरिकेतल्या एका प्रयोगात २०१२ मध्ये दिसलं होतं. मी स्वतः मिक्सरच्या लहान भांड्यातून एकदा फिरवून घेते, आठवड्यापुरतंच, आणि डबी फ्रिजात ठेवते. भाकरीच्या पिठात घातलं तर घरात कोणाला कळतही नाही. नवऱ्याला अजून कळलेलं नाही. हे पत्र छापलंत तर कळेल.

आता वजनाचं. लेखाची सुरुवातच तुम्ही ‘पोटाचा घेर’ या शब्दांनी केली होती, आणि माझ्या दुकानात ते पान घडी करून घेऊन आलेली माणसं सगळी त्या शब्दांसाठीच आली होती. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनात २००९ मध्ये जाड्या स्त्री-पुरुषांना बारा आठवडे रोज पन्नास ग्रॅम चिया देऊन पाहिला. पन्नास ग्रॅम! वजनात फरक पडला नाही. कॅनडात टोरंटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मधुमेह आणि जास्त वजन असलेल्यांवर सहा महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात चिया खाणाऱ्यांचं वजन १.९ किलोने उतरलं, दुसऱ्या गटाचं ०.३ किलोने. पण दोन्ही गटांचं खाणं मोजून कमी केलेलं होतं, आणि चियाही चमचाभर नव्हता, बराच जास्त होता. म्हणजे खाणं आवरलं, त्यात चिया घातला, तर सहा महिन्यांत दीडेक किलोचा फरक. रात्री नऊला पुरीभाजी खाऊन सकाळी चियाचं पाणी प्यायलं तर काय होईल ते सांगायला संशोधक नको. उलट चमच्यामागे पन्नासेक कॅलरी वाढतात. तेच टोरंटोचे लोक, २००७ मध्ये, मधुमेह्यांचा वरचा रक्तदाब सहा अंकांनी उतरला असंही दाखवून गेलेत. पण त्यात माणसं वीसच होती. वीस माणसांवरून मी कोणाची बीपीची गोळी बंद करणार नाही.

कारण गोळी बंद करायला लोक बसलेलेच असतात. “मॅडम, पेपरात तं लिवलं हाये शुगर कंट्रोल होते म्हनून. मंग गोळी सोडून देऊ काय?” हा प्रश्न मला त्या रविवारनंतर पुनःपुन्हा आला. विचारतात ते बरे. न विचारता सोडणारे किती असतील? चियाने जेवणानंतरची साखर थोडी हळू चढते, इतकंच. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची जागा तो घेत नाही. हे एक वाक्य तुमच्या अर्ध्या पानात बसलं असतं.

थायरॉईडचं तर आणखी नाजूक. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा-पाऊण तास पोटात काही जाऊ द्यायचं नाही. कॅल्शियम, लोह, चोथा यांच्यासोबत ती नीट शोषली जात नाही, हे डॉक्टर सांगतात, आम्हीही सांगतो. आता तुमचा लेख म्हणतो, ‘सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी लिंबू पिळलेलं चियाचं पाणी घ्या.’ आमच्या गल्लीतल्या एक मावशी गोळी आणि चियाचं पाणी एकाच घोटात घेत होत्या. टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढलेला, डॉक्टरांनी मात्रा वाढवलेली. मी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? “पाण्यासंगच तं घेतो ना वं मी. भिजोलेल्या बियाचं पाणी पाणीच व्हय ना?” त्यांचं काय चुकलं सांगा. टीएसएच चियामुळेच वाढला असं मी म्हणत नाही, त्याला शंभर कारणं असतात. पण चियाचा पेला मी त्यांना संध्याकाळवर टाकायला लावला. सकाळच्या गोळ्या आणि भिजलेलं बी यांत दोनेक तास अंतर ठेवायला मी सगळ्यांनाच सांगते. ज्यांची किडनी अधू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये; चियात फॉस्फरस चांगलाच असतो, आणि अशा रुग्णांना तोच जपायचा असतो.

सगळ्यात मोठी गोष्ट तर राहिलीच. तुमच्या लेखात ‘सेवन करावे’ असं आहे. भिजवून की कोरडं, हे कुठेच नाही. आपल्याकडे बडीशेप, ओवा, हिंगवाष्टक यांची फक्की मारायची सवय. एका काकाजींनी चियाचीही फक्की मारली आणि वरून तांब्याभर पाणी प्यायले. बी घशाखाली उतरता उतरता फुगलं. दुपारपर्यंत त्यांना आवंढा गिळता येत नव्हता, छातीत गोळा बसल्यागत वाटत होतं. त्यांचं आपोआप मोकळं झालं. अमेरिकेत एका एकोणचाळीस वर्षांच्या माणसाचं झालं नाही. त्याने चमचाभर कोरडा चिया खाऊन वर पाणी प्यायलं, अन्ननलिकेत त्याचा गोळा अडकला आणि डॉक्टरांना दुर्बीण घालून तो काढावा लागला. पोटविकारतज्ज्ञांच्या २०१४ च्या परिषदेत हा रुग्ण मांडला गेला होता. लकवा होऊन गेलेली, कवळी बसवलेली, गिळताना ठसका लागणारी म्हातारी माणसं घरोघर आहेत. त्यांच्या हातात हे पाकीट पडण्याआधी ‘कोरडं खाऊ नका’ हे तीन शब्द त्यांच्या कानावर पडायला हवेत. युरोपीय संघाने २०१३ मध्ये अख्ख्या चियाच्या पाकिटावर ‘दिवसाला १५ ग्रॅमपेक्षा जास्त नको’ अशा अर्थाची सूचना छापायला लावली होती. आपल्याकडच्या पाकिटांवर माशाचा ओमेगा आणि दुधाचं कॅल्शियम ठळक असतं. भिजवायचं कसं ते मागच्या बाजूला, भिंगातून वाचावं लागेल अशा अक्षरात.

भिजवायचं असं: चमचाभर बी, पेलाभर पाणी. टाकल्याबरोबर ढवळायचं, दोन-तीन मिनिटांनी परत एकदा ढवळायचं. हे दुसऱ्यांदा ढवळणं चुकलं की तळाशी गुठळी होते आणि ती मग फुटत नाही. अर्धा तास ठेवलं की पुरे. रात्रभर ठेवलं तरी चालतं, पण उन्हाळ्यात फ्रिजात. त्याला स्वतःची चव काहीच नाही, म्हणून ताक, दही, मठ्ठा, लिंबू सरबत, ज्यात घालाल त्याची चव घेतं. हे बी मूळचं मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडचं. स्पॅनिश लोक तिथे जाण्याआधी ॲझ्टेक राजांना मक्याबरोबर चियाही खंडणी म्हणून भरत. तिथे आजही ते पाण्यात भिजवून, लिंबू-साखर घालून उन्हाळ्यात तहानेला पितात. पोटाचा घेर हा विषय त्या पेल्यात नसतो. मला वाटतं, एप्रिल-मेमध्ये आमच्या विदर्भात ते तसंच प्यावं.

आता फोटो. लेखासोबत छापलेला फोटो चियाचा नव्हताच, सब्जाचा होता. दोन्ही तुळशीच्याच कुळातली, पण झाडं वेगळी. सब्जा कोरडा असताना सगळा एकसारखा काळा असतो, चकाकी नसते. चिया तळहातावर घेऊन उजेडात धरा: राखाडी, तपकिरी, मधूनच पांढरट, आणि प्रत्येक दाण्यावर बारीक नक्षी, गुळगुळीत, तकतकीत. सगळा ढीग एकाच तपकिरी रंगाचा दिसला तर बी कच्चं राहिलंय असं समजावं. पाण्यात टाकल्यावर तर चुकायला जागाच नाही. सब्जा पाचेक मिनिटांत फुलतो आणि काळा ठिपका मधे ठेवून बेडकाच्या अंड्यांसारखा सुटासुटा राहतो. चियाला वेळ लागतो आणि तो सगळं पाणीच दाट करतो. सब्जाही गुणाचाच आहे, फालुद्यात घाला, पाण्यात घाला. पण लेख एकाचा आणि फोटो दुसऱ्याचा असला की गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं, “पेपरात असा नव्हता” म्हणून पाकीट परत करतं. एकाने केलंही.

थोडं शेताविषयी लिहिते, कारण आपला पेपर शेतकरीही वाचतो. आमच्या वाशिम जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत चिया रब्बीचं पीक म्हणून रुजलं आहे. सोयाबीन निघालं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी. एकराला दीड-दोन किलो बी पुष्कळ होतं, आणि ते इतकं बारीक की चाळलेल्या शेणखतात किंवा वाळूत मिसळल्याशिवाय हाताने सारखं पडत नाही. फुलं निळी-जांभळी, तुऱ्याला येतात, मधमाश्या गुणगुणत असतात. आमच्या मोठ्या दिरांना विचाराल तर या पिकाचा एकच फायदा सांगतील: “हरभऱ्याची रातभर जागल करा लागते. याच्या पानाचा वास असा हाये का डुक्कर बांधावरूनच वापस जाते.” रानडुकरं आणि रोही यांनी ज्यांची रब्बी खाल्ली आहे त्यांनाच या वाक्याची किंमत कळेल. पाणीही कमी लागतं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कणसं वाळत आली आणि अवकाळी आला, की जो गुण पेल्यात हवासा वाटतो तोच शेतात वैरी होतो. बी कणसातच फुगतं, चिकटतं. हाताने कणीस चोळलं तर दाण्याऐवजी बोटांना बुळबुळीत राखाडी लगदा लागतो. त्यानंतर ते वाळवून काही उपयोग नसतो, व्यापारी हातही लावत नाही.

आधी माल मध्य प्रदेशात नीमचच्या मंडीत न्यावा लागायचा. आता वाशिमच्या बाजार समितीत खरेदी सुरू झाली, ही मोठी सोय. पण भाव अजून हलताच आहे. आणि तो हलण्यात आरोग्य पुरवण्यांचा वाटा नाही असं कोणी म्हणू नये. एका रविवारी चिया म्हणजे अमृत, सगळे पाकिटं घेतात. तीन महिन्यांत पोटाचा घेर तेवढाच राहतो, पाकीट फ्रिजच्या दारात पडून राहतं, आणि पुढच्या रविवारी दुसरंच काही अमृत निघतं. पेरणारा मात्र तीन महिन्यांत पीक बदलू शकत नाही. सफेद मुसळी या औषधी पिकाच्या वेळी काय झालं ते आमच्या भागातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारा. जवस, तीळ यांना पिढ्यान् पिढ्या गिऱ्हाईक आहे ते ती अमृत नाहीत म्हणूनच. चटणी संपते आणि माणूस परत घेतो. चिया त्या रांगेत बसला, महिन्याच्या किराण्याच्या यादीत आला, तर आमच्या दिरांचंही भलं होईल आणि माझ्या काउंटरवर येणाऱ्यांचंही.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या वेळी कुठल्याही बियांवर लेख छापलात तर आकडे चमच्याचे द्या. किती, कसं, कशाबरोबर नको, हे एका चौकटीत द्या. चौकट लोक कापून भिंतीला लावतात, लेख लावत नाहीत. लेख कोणी आहारतज्ज्ञाने तपासला असेल तर तसं खाली लिहा. फोटो छापण्याआधी एखाद्या किराणा दुकानदाराला दाखवा, तो फुकट सांगेल.

पुढच्या रविवारी जवसावर लेख येणार अशी जाहिरात पुरवणीत पाहिली. आनंद झाला, ओमेगा-३ त्यात चियाहून थोडं जास्तच, आणि किंमत कितीतरी कमी. फक्त तो भाजून कुटून खायचा असतो, हे आठवणीने घाला. अख्खा जवस जसा गेला तसाच बाहेर येतो.

आपली वाचक,
एक औषधविक्रेती
रिसोड, जि. वाशिम
(नाव छापू नये, ही विनंती. नाहीतर पाकिटं परत करायला आणखी माणसं येतील.)